गोळीच्या पेटीवरची पाटी

मंगरूळपीर, ता. ८ डिसेंबर १९३७

अखेर पेट्या आल्या. दुपारी वाशीमहून येणाऱ्या सर्विस मोटारीच्या टपावरून तीन खोकी उतरली, तेव्हा स्टँडवरची माणसं चहा टाकून गोळा झाली. खोकी घरी नेऊन उघडायची असं ठरवलं होतं, पण मला राहवलं नाही. एक तिथंच फोडलं. हिरवी लोखंडी पेटी, वर काच, मधे पैसा टाकायची फट, उजवीकडे ओढायची दांडी. पैसा टाका, दांडी ओढा, खालच्या वाटीत पेपरमिटाची गोळी पडते. दुकानदार नको, तराजू नको, 'मालक जेवायला गेले' हे ऐकणं नको. मुंबईच्या प्रदर्शनात पाहिल्यापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं.

वही आजपासूनच सुरू करतो आहे. या धंद्याची सुरुवात कशी झाली हे पुढं लोक विचारतील, तेव्हा नीट सांगता आलं पाहिजे. उर्दू वाचता येते, पण हात मराठी शाळेत वळला, म्हणून मराठीत लिहितो.

संध्याकाळी भाईजान पाहायला आले. सैफुद्दीन भाईजान म्हणजे माझे थोरले भाऊ. गावात त्यांचं कापडाचं दुकान आहे. त्यांनी पेटीला एक फेरी मारली.

"यात माणूस कुठं बसते?"

"माणूस नाही, भाईजान. तीच तर गंमत आहे."

"मंग भाव कोण करते?"

"भाव नाही. एक पैसा, एक गोळी."

"भाव नाही, बोलणं नाही, बसा म्हणणं नाही. मंग याले दुकान काहून म्हणायचं?"

एवढं बोलून त्यांनी एक पैसा टाकला, गोळी तोंडात टाकली आणि आपला निकाल सांगितला. बकरीदपर्यंत हे चालवून पाहायचं. नाही जमलं तर पेट्या भंगारात, माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद, आणि मी त्यांच्या गादीवर बसून मांजरपाट फाडायचं. मी हो म्हणालो. नाही म्हणायची सोय नव्हती. वालिद गेल्यापासून तेच घराचे वडील आहेत.

माझी बायको सरवरी म्हणाली, "गोळी खाताना भाईजानचं तोंड पाह्यलं का?"

मी म्हणालो, मला त्यांच्या मताशी काम आहे, तोंडाशी नाही.

ता. १४ डिसेंबर

तिन्ही पेट्या लागल्या. एक इथं, दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. दुसरी वाशीमजवळच्या मालेगावला, मोटार स्टँडसमोर गोपीचंदाच्या हॉटेलापाशी. तिसरी रिठदला बाजाराच्या जागी. मालेगावची पेटी निंबाला साखळीनं बांधली आणि चांगलं कुलूप घातलं. एक किल्ली माझ्याजवळ, एक गोपीचंदाजवळ.

इथल्या पेटीसमोर काल एका म्हाताऱ्यानं गोळी पडल्यावर हात जोडले. एक बाई दांडी धरून बराच वेळ घासाघीस करत होती, "एका पैशाले दोन दे न बाप्पा, पोट्टे दोन हायेत." पेटीनं दाद दिली नाही, तेव्हा म्हणाली, "मालक लय कठोर दिसते." मी शेजारीच उभा होतो.

गोपीचंद फार भला माणूस. त्याच्या दुकानात रेवड्यांच्या आणि लिमलेटच्या गोळ्यांच्या बरण्या आहेत. हसत हसत म्हणाला, "मियाभाई, तुमची पेटी लागल्यापासून माह्या बरणीवर माशीबी बसून नाई राह्यली." मी म्हटलं, चला, दुकान स्वच्छ राहील.

ता. १९ डिसेंबर

मालेगावची पेटी चोरीला गेली.

निरोप मिळताच मोटारीनं गेलो. निंबाला साखळी तशीच, कुलूप तसंच लावलेलं, आणि पेटी तेवढी नाही. चोर फार तयारीचा असला पाहिजे. कुलूप तोडलं नाही, उघडलं आणि पुन्हा लावून गेला! असला कसबी हात आपल्या मुलखात आहे याचं मला घडीवाला म्हणून कौतुकही वाटलं. गोपीचंद बिचारा माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला. मी न मागता त्यानं शपथ घेतली, न मागता चहा दिला, आणि चौकीवर जायला नको, उगाच त्रास होईल, असं दोनदा म्हणाला. मी गेलोच.

हवालदारानं विचारलं, "काय गेलं?"

"पेटी."

"कपड्याची?"

"नाही, लोखंडी. पैसा टाकला की गोळी देते."

त्यानं हातातली विडी खाली ठेवली. "गोळी?"

ती कोणती गोळी हे पटवून देण्यात बराच वेळ गेला. मग तो म्हणाला, "तिच्यावर नाव हाय का तुमचं?"

"नाही."

"खूण?"

"हिरवी आहे."

"उद्या कोणी हिरवी पेटी आणली अन् म्हणला माही हाय, तर मी काय करू? गाईलेबी कानाले खूण राहते."

मला राग आला आणि मी उठलो. घरी आल्यावर सरवरीनं आतून तांब्या आणून माझ्यापुढं ठेवला. त्याच्यावर तिच्या अब्बांचं नाव घातलेलं आहे. म्हणाली, "हा तांब्या कारंज्याच्या लग्नात गेला होता. कोण्या कोण्या घरातून फिरला कोणाले मालूम. नाव होतं म्हणून आला. दोन आण्याच्या तांब्यावर नाव घालते माणूस, अन् तुमी एवढी पेटी तशीच रस्त्यावर उभी केली."

ही गोष्ट माझ्याही मनात घोळतच होती.

ता. २२ डिसेंबर

पितळी पत्र्याच्या दोन पाट्या केल्या, इथली आणि रिठदची. अक्षरं मीच कोरली. घड्याळातल्या बारीक कामावर वळलेला हात, अक्षर असं उठलं की काय सांगू. मजकूरही वजनदार हवा म्हणून दोन दिवस विचार केला:

'सदरहू यंत्र मंगरूळपीर येथील बदरुद्दीन घडीवाले यांच्या खाजगी मालकीचे असून ते हलविणाऱ्या, बाळगणाऱ्या अगर लपविणाऱ्या इसमास कायद्याने सक्त कैद देवविण्यात येईल.'

सरवरीला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती, हात थांबला.

"मलेच भीती वाटली," म्हणाली. "मी तर घरातली पेटीबी फेकून देईन."

म्हणजे पाटी हवी तशी जमली.

ता. ३ जानेवारी १९३८

रिठदची पेटी गेली. परवाच्या बाजारानंतर कोणीतरी खिळ्यांसकट उपटून नेली. पण या वेळी मी शांत आहे. पाटी आहे. चोरालाही वाचता येत असेल किंवा कोणी वाचून दाखवेल. दोन-चार दिवसांत येईल.

ता. ८ जानेवारी

आली नाही.

भाईजान आले होते. म्हणाले, "तीनची एक झाली. बकरीदपर्यंत तीबी जाईल, मंग तुले काही उचलावं लागणार नाई." त्यांच्या तोंडाला आजकाल पेपरमिटाचा वास येतो. वैद्यानं पोटासाठी काही दिलं असावं.

ता. ११ जानेवारी

आज एकही घड्याळ दुरुस्तीला आलं नाही. बसून विचार केला की मांजरपाट फाडण्यात तसं वाईट काय आहे? माणूस बसून राहतो, सावलीत असतो. मग भाईजान गिऱ्हाइकाशी कसे बोलतात ते आठवलं. एका कोपरीच्या कापडासाठी अर्धा दिवस, मुलाबाळांची चौकशी, सोयरिकी. मला ते कधीच जमणार नाही. मला चाकं आवडतात. ती एकदा बसवली की बोलावं लागत नाही.

ता. १२ जानेवारी

मोटारवाल्याकडून कळलं की रिठदच्या पलीकडे, बंजाऱ्यांच्या तांड्यापाशी, नाल्याच्या डोहात हिरवं काही दिसतं आहे. उद्या जातो.

ता. १४ जानेवारी

हे सगळं नीट लिहिलं पाहिजे.

वाशीमपर्यंत मोटार, तिथून रिठदपर्यंत एका ओळखीच्या छकड्यात, आणि पुढं जवारीच्या वावरांमधून पायी. तांड्यावर पोहोचलो आणि मोठ्यानं विचारलं, "पेटी कोणी डोहात टाकली? पाटी वाचली नाही का?" मी शेरवानी घातली होती, डोक्याला टोपी, पायात बूट. बघता बघता तांडा रिकामा झाला. माणसं, बाया, पोरं, कोणी वावरात, कोणी घरात. एक म्हातारी तेवढी बाजेवर बसून राहिली. हातभर हस्तिदंती चुडा, नजर सरळ माझ्यावर.

"वाचली," ती म्हणाली. "वाचली म्हणूनच तं डोहात गेली."

तिचं नाव गोमतीबाई. तिनं नातवाला हाक मारली, तेव्हा जवारीतून एक उंच जवान बाहेर आला. तो रामसिंग. तो शाळेत थोडं शिकला आहे, तांड्यात त्यालाच वाचता येतं. पेटी त्यांना वावरात पडलेली सापडली. चोरांना ती उघडता आली नसावी, म्हणून टाकून गेले. काच फुटली होती, आत गोळ्या तशाच. रामसिंगनं सगळ्यांना पाटी वाचून दाखवली.

गोमतीबाई बोटांवर मोजत म्हणाली, "हालवली तं कैद. ठेवली तं कैद. लपवली तं कैद. अन् पडली आमच्याच वावरात. आता तूच सांग शेठ, करावं काय माणसानं?"

मी म्हणालो, "चौकीवर कळवायचं."

यावर ती हसली. रामसिंग हसला नाही. तो म्हणाला, "आमच्या तांड्यावर हवालदार हजेरी घेते. नाव वाचते, आमी उभे राहतो. रिठदात कोणाची कोंबडी हरवली तरी पयले आमच्या चुली उकरते. आमी पेटी घेऊन चौकीवर गेलो असतो, तं पेटी तुमच्या घरी आली असती. मी नसतो आलो."

मी उभा होतो तिथंच जमिनीवर बसलो. शेरवानीला धूळ लागली. मी फक्त पेटी राखायला निघालो होतो, आणि माझ्या सुंदर अक्षरांनी इथं आठ दिवस एक अख्खा तांडा धास्तावून ठेवला होता. त्यांनी पंचायत बसवली, वाद घातले, कोणी म्हणालं पुरा, कोणी म्हणालं जाळा. शेवटी पाण्यात टाकली, कारण पाण्याला कोणी पकडत नाही, असं रामसिंगचा बाप सेवालाल म्हणाला.

"मी कोणाला सांगणार नाही," मी म्हटलं. "तुम्ही फक्त काढून द्या."

गोमतीबाईनं रामसिंगला दोर आणायला सांगितलं. मग बाजेवरून उठली आणि म्हणाली, "बूट काढ मंग. डोहात गाळ लय हाय."

रामसिंग बुडी मारून पेटीला दोर बांधून आला. मी, सेवालाल आणि चार जणांनी ओढली. मी दोनदा पडलो, आणि तांड्यातल्या पोट्ट्यांना त्या पेटीपेक्षा ती गंमत मोठी वाटली. गोळ्या विरघळून गेल्या होत्या. डोहाचं पाणी गोड झालं का म्हणून मी चाखून पाहिलं. नाही झालं.

निघताना गोमतीबाईनं हुरडा बांधून दिला.

ता. १६ जानेवारी

सरवरीला सारं सांगितलं. तिनं आधी शेरवानीची धूळ झटकली. मग म्हणाली, "पाटी काढा ती."

"आणि चोर?"

"चोराले पाटीची भीती असती तर तो चोर काहून झाला असता? पाटी चोरासाठी नाई राहत जी. ज्याले सापडते त्याच्यासाठी राहते. त्याले वाटलं पाहिजे, घेऊन जावं अन् द्यावं. माह्या तांब्यावर कैद लिहिली होती का?"

मला हे अगदी पटलं असं नाही. कायद्याचा धाक हवाच. पण दोन बायांनी, एक तांड्यावर आणि एक घरात, मला एकाच आठवड्यात निरुत्तर केलं, तेव्हा वाद घालण्यात अर्थ नव्हता. नवा मजकूर सरवरीनं सांगितला, मी कोरला. पत्रा उरला होता तो लहान, म्हणून 'पेटी' हा शब्द गाळला. पाटी पेटीवरच आहे, तर पेटी कशाला लिहायची?

'ही बदरुद्दीन घडीवाल्याची. वाट चुकली असल्यास मंगरूळपीरला घरी आणावी. कोणी काही विचारणार नाही. चहा मिळेल.'

खाली हेच उर्दूत. ज्याला दोन्ही येत नाही त्याच्यासाठी एक घड्याळ काढलं. 'कोणी काही विचारणार नाही' यावर मी हरकत घेतली होती. चोर समोर बसून चहा पिणार आणि मी विचारायचं नाही?

"नाही," सरवरी म्हणाली. "लिहिलं तर पाळायचं."

भाईजाननी पाटी वाचली. "चोराले चहा," एवढंच म्हणाले, आणि पैसा टाकून दांडी ओढली. पेटी चालते की नाही ते पाहत असावेत.

ता. २३ जानेवारी

उरूस सुरू झाला. रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही. दूरदूरची माणसं, बांगड्यांची दुकानं, पाळणे, कव्वाल. पेटी दिवसातून तीनदा भरावी लागते. मालेगावहून गोपीचंदही रेवड्यांचं दुकान घेऊन आला आहे. त्याला मुद्दाम पाटी दाखवायला नेलं. त्यानं एकदा वाचली, पुन्हा वाचली. त्याला माझं अक्षर फारच आवडलेलं दिसलं.

"कोणी काही विचारणार नाई," तो म्हणाला. "हे खरं हाय का, मियाभाई?"

"पितळेवर कोरलं आहे," मी म्हटलं.

नंतर तो रेवड्या तोलताना दोनदा चुकला.

ता. २५ जानेवारी

आज जे झालं ते लिहिताना अजून हसू येतं, पण दुपारी हसण्यासारखं नव्हतं.

भाईजानच्या सासूबाई, नजमुन्निसा खाला, उरुसासाठी बाळापूरहून आल्या आहेत. वय झालेलं, कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. सकाळी भाभींबरोबर दर्ग्याला निघाल्या आणि गर्दीत हात सुटला. दुपार झाली तरी पत्ता नाही. भाईजान दुकान उघडं टाकून अनवाणी धावत होते. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. गळा बसला होता. मला पाहून म्हणाले, "बदर, म्हातारीले आपलं घरबी सांगता येत नाई रे. तिले कोणी विचारलं तं ऐकू येत नाई." आणि भर रस्त्यात माझा हात धरून उभे राहिले.

मी विहिरीकडं गेलो, मुसाफिरखान्यात गेलो, पाळण्यांकडं गेलो. कुठंच नाही. शेवटी भाईजानना पाणी तरी पाजावं म्हणून घरी घेऊन आलो. अंगणात पाऊल टाकलं तर खाला चटईवर बसलेल्या, हातात चहाची बशी, आणि शेजारी चार अनोळखी माणसं चहा पीत बसलेली.

भाईजान धावत चटईपाशी गेले.

त्या चौघांतला मोठा उठून म्हणाला, "बदरुद्दीन घडीवाले तुमीच न? हे घ्या तुमची म्हातारी."

झालं होतं असं. खाला थकून आमच्या पेटीखालच्या ओट्यावर बसल्या आणि पेटीला पाठ टेकून त्यांना डुलकी लागली. ही माणसं कारंज्याकडची. त्यांनी पाहिलं, म्हातारी एकटी, आणि तिच्या डोक्यावर चकचकीत पितळी पाटी: 'ही बदरुद्दीन घडीवाल्याची. वाट चुकली असल्यास मंगरूळपीरला घरी आणावी.' त्यांना वाटलं, घरचे लोक किती हुशार! दरवर्षी हरवत असेल, म्हणून पाटीच लावून ठेवली. मग पत्ता विचारत विचारत घेऊन आले. खालांना काही ऐकू आलं नाही, पण माणसं भली दिसली म्हणून त्या चालल्या.

"अन् आमाले कोणी काही विचारलं नाई," तो माणूस सरवरीकडं पाहून म्हणाला. "पाटीवर लिहिलं तसंच. चहाबी झाला."

भाईजान खालांच्या पायाशी बसले होते. खालांनी पदराची गाठ सोडली, पेपरमिटाची गोळी काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली. म्हणाल्या, "खा. तुले आवडते न."

भाईजान माझ्याकडं न पाहता म्हणाले, "पोटासाठी घेतो."

ते मला माहीतच होतं.

ता. १ फेब्रुवारी

मालेगावची पेटी परत आली! पहिली चोरीला गेलेली, जिच्यावर पाटीही नव्हती, तीच!

सकाळच्या मोटारीनं गोपीचंद आला, घोंगडीत गुंडाळलेलं ओझं घेऊन. अंगणात ठेवून बाजूला उभा राहिला. घोंगडी काढली तर आपली पेटी. एक ओरखडा नाही. काच पुसलेली.

मी म्हणालो, "अरे, ही तुला कुठं..."

सरवरी आतून खोकली. मी थांबलो. पाटीवरचा शब्द. अवघड आहे तो पाळणं, फार अवघड. जिभेवर दहा प्रश्न उभे होते. कोणी नेली, कुठं लपवली, कुलूप कसं उघडलं?

गोपीचंदच म्हणाला, "सापडली. कडब्याखाली." आणि खाली पाहू लागला. इतकी धावपळ करून दमला असावा, घाम आला होता. बिचाऱ्यानं गावातल्या किती जणांच्या कडब्याच्या गंज्या पालथ्या घातल्या असतील.

सरवरीनं चहा आणला, आलं घालून. कप त्याच्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "गोपीचंदभाऊ, तुमच्या बरण्यांतल्या रेवड्या यांच्या पेटीत जातील का? वरच्या खणात पेपरमिट, खालच्यात रेवडी. गोळी आमची, रेवडी तुमची."

ही कल्पना तिला अचानक कशी सुचली कोण जाणे. पण गोपीचंदानं डोळे पुसले आणि हो म्हणाला. चहा कडक झाला होता. रेवडी जायला वाटी मोठी करावी लागेल. उद्या पाहतो.

ता. १३ फेब्रुवारी

काल बकरीद झाली. नमाजहून आल्यावर भाईजान आमच्याकडं आले. मी दिवसभर त्यांच्या तोंडाकडं पाहत होतो, गादीचा विषय कधी निघतो म्हणून. जेवलो, पान झालं. निघताना ते दारात थांबले.

"दुकानासमोरच्या ओट्यावर जागा हाय," म्हणाले. "तिथं एक लाव. पाटी लाव. गिऱ्हाइकाची पोट्टी हरवतात."

गेले. मी सरवरीला म्हटलं, शेवटी त्यांना मी पटवलंच. पाटी चोरासाठी नसते, ज्याला सापडते त्याच्यासाठी असते, हा माझा मुद्दा त्यांना कळला. सरवरी म्हणाली, "हो, तुमचा मुद्दा चांगलाच हाय."

ता. १६ फेब्रुवारी

रामसिंग आला. गोमतीबाईनं बाजरी पाठवली होती. काच आणि नवी पाटी बसवलेली रिठदची पेटी कोपऱ्यात उभी होती, तिच्याकडं पाहत होता.

"ही आता कुठं लावशीन?"

"रिठदलाच. पण उपटून नेतील पुन्हा. कोणी लक्ष ठेवणारं हवं."

त्यानं पेटी हातानं उचलून पाहिली. मग म्हणाला, "मी ठेवीन. बाजाराच्या दिवशी खांद्यावर नेईन, बाजार उठला की तांड्यावर आणीन. रिठद, मालेगाव, जिथं बाजार तिथं."

मला एकदम आनंद झाला. चाकं असलेली नाही, पण पायांवर चालणारी पेटी! मुंबईच्या प्रदर्शनातही नव्हती. मी हो म्हणालो.

"पण एक," तो म्हणाला. "पाटीवर माह्यं नाव घाल."

"तुझं कशाला? पेटी माझी आहे."

"पेटी तुहीच. पण खांद्यावर माह्या राहीन न."

सरवरीनं कोरायची सळई आणून माझ्या हातात दिली. पत्र्यावर जागा थोडी होती, अक्षरं बारीक करावी लागली. खाली ओळ घातली: 'रामसिंग सेवालाल याच्या हवाली.' रामसिंगनं ओळीवरून बोट फिरवलं आणि अक्षर अक्षर लावून दोनदा वाचली. शुद्धलेखन बरोबर आहे का ते पाहत असावा. बरोबर होतं.

ता. २० फेब्रुवारी

रामसिंग दुपारी आला, पेटी भरून न्यायला. अंगणात बसून पाणी प्याला आणि कालची हकीकत सांगितली. सांगताना उभाच राहिला.

पेटी खांद्यावर घेऊन बाजाराला चालला होता. नाल्याच्या पुलापाशी हवालदार भेटला, तोच, जो तांड्यावर येतो. लांबूनच ओरडला, "थांब रे! कोणाची उचलली?"

"मी काई बोललो नाई," रामसिंग म्हणाला. "पेटी खाली ठेवली अन् पाटी त्याच्याकडं केली. त्यानं वाचली. खालची ओळ मोठ्यानं वाचली. म्हणे, रामसिंग सेवालाल कोण? मी म्हणलं, मी. मंग पुन्हा वाचली. माह्याकडं पाह्यलं, पाटीकडं पाह्यलं. खिशात हात घातला, पैसा काढला, टाकला, दांडी ओढली."

"गोळी पडली ना नीट?" मी विचारलं. त्या पेटीची दांडी पाण्यातून काढल्यापासून जरा जड झाली आहे.

"पडली. तोंडात टाकली अन् म्हणे, जा."

त्यानं पेटी जवळ ओढली.

"आजवर त्यानं माह्यं नाव वाचलं की मले उभं राहा लागे, मियाभाई. काल नाव वाचलं अन् मी निंघालो."

सरवरीनं गाळलेला चहा त्याच्यापुढं ठेवला. मी दांडीत तेल घालायला घेतलं. तेल घातल्यावर ती अगदी हलकी झाली, एका बोटानं ओढता येईल इतकी. रामसिंगनं ओढून पाहिली, आणि पेटी खांद्यावर घेऊन, पाटी बाहेरच्या बाजूला ठेवून, भर बाजाराच्या रस्त्यानं निघाला.